काहून, कुंदाताई?

तुम्ही गेलात, आणि पाठोपाठ बाजारात मटार उतरला.

काल जबलपूरच्या कमानिया गेटजवळून परतताना हातगाड्यांवरचे ते हिरवे ढीग दिसले आणि पाय आपोआप थांबले. शेंगांवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. उन्हात त्या अशा लखलखत होत्या, की कुणी एकेकीला न्हाऊ घालून तिथं बसवलं असावं. भाजीवाल्यानं एक शेंग मोडून पुढे धरली. "चखिए दीदी, शक्कर है शक्कर." मी दाणा तोंडात टाकला. आणि त्या भर बाजारात, स्कूटरच्या हॉर्नच्या गदारोळात, माझ्या जिभेवर एक शब्द येऊन उभा राहिला. एकदा असाच कच्चा दाणा भरवून तुम्ही तो माझ्या तोंडातच अडवला होता.

काहून.

काहून गेलात, कुंदाताई? हे विचारायला मला 'का' पुरत नाही, 'कशासाठी' तर फारच शहाणा वाटतो. माझ्या माहेरच्या बोलीतला हा एकच शब्द छातीच्या तळापासून निघतो, आणि याच शब्दावरचं आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

तुमच्यामागे लोक पुष्कळ बोलत आहेत. कुठल्या कुठल्या शाळांत तुम्ही गेलात, किती आईबापांना फोनच्या पडद्याआडचे धोके समजावलेत, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते, आणि माझ्या कानात मात्र शेंग फुटण्याचा तो बारीक, ओलसर आवाज येत होता. त्यांनी सांगितलेली कुंदा मॅडम खरीच होती. पण मला जिच्याशी बोलायचं आहे ती माझ्या गच्चीवर सतरंजीवर मांडी घालून बसलेली आहे, मांडीत परात आहे, आणि ती कुणाच्याही तोंडाकडे पाहत नाही.

आठवतं, भांडण सुरू कसं झालं? गोहलपुरातल्या आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आपण दोघीच मराठी. तुम्ही कॉम्प्युटर शिकवायच्या, मी हिंदी. दिवसभर हिंदीत वावरून झालं, की चहाच्या कपाभोवती आपली मराठी शेकत बसायची. अशाच एका दुपारी तुम्ही पालकसभेवरून आलात, पदरानं कपाळ टिपलंत आणि म्हणालात, "आपल्या घरांतला एक शब्द ना, काही वर्षं कुलपात ठेवला पाहिजे."

"कोणता?"

"काहून."

मी कप खाली ठेवला. तुम्ही माझ्या आईचे दागिने मोडायला काढल्यासारखं मला झालं.

"ऐका तर," तुम्ही म्हणालात. "लेकरू येते अन् सांगते, आई, त्या गेममध्ये कोणीतरी मला वंगाळ लिहिलं. आई काय म्हणते? काहून गेली होती तिथं? काहून बोलली त्याच्याशी? काहून घेतला फोन? झालं! लेकरू म्हणते, कुछ नहीं. अन् ते 'कुछ नहीं' मग दहावी-बारावीपर्यंत पुरते."

"पण यात शब्दाचा काय दोष?" मी म्हटलं. "माझी आई अमरावतीकडची. ती अंगणातल्या चिमण्यांनासुद्धा विचारायची, काहून व एवढ्या भांडता? त्या शब्दात 'ह' आहे, ताई. 'का' म्हणताना ओठ उघडतात आणि संपतं. 'काहून' म्हणताना आतून श्वास येतो."

"श्वास बोलणाऱ्याचा येते," तुम्ही म्हणालात. "ऐकणाऱ्या लेकराचा अडकते."

"मग विचारायचं तरी काय?"

"काही विचारायचं नाही. म्हणायचं, अच्छा. मग?"

"'अच्छा' हिंदी आहे."

"चलो, असू द्या. तुमची सई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलते?"

 तुम्ही माझ्या बशीतलं बिस्कीट उचललंत आणि तासाला निघून गेलात. भांडणात जिंकलं, की समोरच्याचं बिस्कीट खायची तुमची ती सवय!

सई, आपल्याच शाळेत शिकणारी माझी लेक, माझ्याशी हिंदीत बोलायची. जबलपूरच्या मराठी घरांतून वाढणाऱ्या मुलांचं हेच होतं. आपण मराठीत हाक मारावी, त्यांनी हिंदीत ओ द्यावी. तिला सगळं समजे. पण तिच्या ओठांवर माझी भाषा येत नसे. ओव्या आणि कविता ऐकत वाढलेल्या बाईला हे रोजचं छोटं सुतक असतं. म्हणून नंतर एकदा तुम्ही अधारतालला आमच्या घरी चहाला आला होतात, आणि सई आतून येऊन म्हणाली, "आई, जिवलग म्हणजे काय?" तेव्हा माझ्या हातातली गाळणीसुद्धा शहारली असेल.

"कुणी शिकवला गं हा शब्द?"

"मेरी फ्रेंड ने. नागपूरची आहे. आर्या. हम लोग ड्रॉइंगवाले अ‍ॅप पे मिले. ती मराठीतच लिहिते."

मराठीतच लिहिते! त्या दोन शब्दांवर माझं घर कसं उजळून निघालं. चित्रं काढून टाकायचं ते एक अ‍ॅप होतं. त्यावर नागपूरची कुणी समवयस्क मुलगी माझ्या लेकीला मराठी लिहायला लावत होती. मी जिवलग शब्द उलगडून सांगितला, जिवाला जो लगटून असतो तो. तुम्ही तर टाळीच दिलीत. "अरे वा सई! आम्ही थकलो, अन् तिनं तुला मराठी बोलवली. सांभाळून ठेव बरं मैत्रिणीला."

ही आर्या कोण, कुठल्या शाळेत जाते, तिचा आवाज कुणी ऐकला आहे का, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. कुणी हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिणारं असतं, तर तुम्ही हे सगळं विचारलं असतंत, मीही विचारलं असतं. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांना आपली भाषा ऐकू आली, की कोण आहे हे न विचारताच दार उघडलं जातं. 'आपलीच आहे' हे आपण माणसाला पाहून म्हटलं नव्हतं, क्रियापदाला पाहून म्हटलं होतं.

पुढचे काही आठवडे सई मराठीत बहरत होती. मग हळूहळू मिटत गेली. मला ते वयाचं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं. वर्गात ती खिडकीची जागा सोडून भिंतीकडे बसू लागली, आणि कुणाचा फोन बाकावर थरथरला की तिचे खांदे वर जातात, एवढंच तुम्ही पाहिलं होतंत. मला तुम्ही काही बोलला नाहीत. तिलाही विचारलं नाहीत. थंडीतल्या एका रविवारी, ऊन गच्चीवर पुरतं पसरलेलं असताना, तुम्ही मटारची भली मोठी पिशवी घेऊन जिना चढून आलात.

"सई, चल, हात लाव. माझ्या एकटीनं होऊन नाही राहिलं."

सतरंजीवर तुम्ही तिला मधे बसवलंत. समोर नाही, मधे. आपण तिघींनी एकाच दिशेला तोंड केलं होतं. पुढे कठडा, कठड्यावर वाळत घातलेला माझा गर्द निळा दुलईचा अभ्रा, आणि त्यापलीकडे धुक्यातून सुटत चाललेलं अधारताल. शेंग दाबली की ती टच्च उघडे. अंगठा आतून फिरे. दाणे परातीत पडताना आधी टणटण वाजले; परातीचा तळ झाकल्यावर तो आवाज मऊ झाला. हिरवा, कच्चा, दुधाळ वास आपल्या बोटांना चढत होता. तुम्ही शेजारणीच्या मांजरीबद्दल बोललात. तुमच्या भाच्याच्या लग्नातल्या बिघडलेल्या श्रीखंडाबद्दल बोललात. मग बराच वेळ काहीच बोलला नाहीत.

त्या मौनाला तळ होता, ताई. मी कवितेत मौनाबद्दल पुष्कळ वाचलं आहे. पण एखादं मूल पाय टेकवू शकेल असं मौन मी पहिल्यांदा त्या गच्चीवर पाहिलं.

"दीदी," सई शेंगेशीच बोलल्यासारखी म्हणाली, "वो आर्या है ना... वो लड़की नहीं है शायद."

"अच्छा," तुम्ही म्हणालात. शेंग फुटली. "मग?"

"वो बोली, जिवलगांमध्ये सीक्रेट असतं. बोली, आई को मत बताना. फिर फोटो माँगी. मैंने भेज दी. फक्त चेहऱ्याची, दीदी. फिर बोली और भेजो, दुसरी तरह की..."

 माझं तोंड उघडलं. तो शब्द, माझ्या आईचा, चिमण्यांचा, श्वासाचा तो शब्द जिभेच्या टोकावर आला होता, आणि त्यात श्वास नव्हता, चाबूक होता. "का..." एवढं बाहेर पडलं असेल नसेल. तुम्ही मान न वळवता, सईच्या पाठीमागून हात लांबवून मूठभर दाणे माझ्या ओठांत कोंबलेत.

"खा. गोड आहेत."

मी चावत राहिले. माझे डोळे भरून वाहत होते आणि जिभेवर साखर होती. इतकी विसंगत चव मी त्याआधी कधी घेतली नव्हती, त्यानंतरही नाही. सईनं वळून पाहिलं असतं, तर तिला फक्त मटार खाणारी आई दिसली असती.

"मग?" तुम्ही तिला म्हणालात.

"मैंने मना किया. तो बोला, तेरी फोटो बिगाड़ के स्कूल में सबको भेज दूँगा. रोज बोलता है. दीदी, अब तुम लोग फोन ले लोगे ना?"

म्हणजे धमकीहून मोठं भय हे होतं! मी थक्क झाले. आपण तिला वाचवायला म्हणून जे पहिलं पाऊल उचललं असतं, त्याच पावलाच्या आवाजाला ती इतके दिवस भीत होती.

"नाही," तुम्ही म्हणालात. "पण माझ्याकडून नको ऐकू. आईकडून ऐक."

दाणे गिळून मी म्हटलं, "नाही घेणार." आवाज माझा नव्हता, पण शब्द माझा होता. सईच्या हातातली शेंग उघडीच राहिली. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि तिच्या केसांतून मटाराचा वास येत होता.

"चूक तुझी नाही," तुम्ही तिला म्हणालात. "पोरगी समजून तू बोलली. मीही पोरगीच समजली. मी कॉम्प्युटर शिकवते, वयानं एवढी मोठी, अन् मीच म्हटलं होतं ना, सांभाळून ठेव मैत्रिणीला? आपण तिघीही फसलो. तर आता तिघी मिळून निपटू."

किती सहज बोललात! एका मुलीच्या पाठीवरचं ओझं तुम्ही तीन जणींत वाटून टाकलंत, तेही शेंगा सोलता सोलता. तुमच्या नावाला त्यामुळे काही बट्टा लागेल, असा विचार तुमच्या चेहऱ्यावरून ओझरताही गेला नाही.

त्यानंतर मी पाहिल्या त्या दुसऱ्याच कुंदाताई. पदर खोचून कामाला लागलेल्या. "काही मिटवू नको, सई. राग आला तरी नको. तोच आपला पुरावा आहे." उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक संदेशाचा स्क्रीनशॉट घ्यायचा, खात्याचं नाव नीट दिसलं पाहिजे. मग तक्रार, मग ब्लॉक. हा क्रम उलटा करायचा नाही. सईच्या बाबांना काय सांगायचं, ते सईनंच ठरवलं, आणि संध्याकाळी तुमच्याच देखत सांगितलं. तेही परातीशेजारी बसून. त्यांनीही आधी एक मूठ दाणे खाल्ले. तुम्ही खायलाच लावलेत.

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे गेलो. साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांनीही सवयीनं सुरुवात केली, "बेटा, आपने फोटो भेजी ही क्यों?"

सईचा हात माझ्या हातात आकसला. तुम्ही अतिशय अदबीनं म्हणालात, "साहब, 'क्यों' उससे पूछिएगा जिसने माँगी. इससे पूछिए, फिर क्या हुआ."

 साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बैठो बेटा," ते म्हणाले. "बताओ. फिर क्या हुआ?"

अवघ्या खोलीचा ऋतू बदलल्यासारखं वाटलं मला. शब्दांनी माणसं हलतात हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले. पण एक प्रश्न उचलून त्याच्या योग्य धन्याच्या दारात नेऊन ठेवायचा, हे मी त्या टेबलापाशी शिकले.

ते खातं बंद झालं. त्यामागे कोण होतं, ते आपल्याला कधीच कळलं नाही. फोटो कुठेही पसरला नाही. सई पुन्हा खिडकीशी बसू लागली, आणि तुम्ही वर्गात तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाहीत. ही गोष्टही तिनंच मला सांगितली, आश्चर्यानं.

मग ती पालकसभा. ती आठवली की मला आजही हसू येतं. हॉलमधल्या बाकांवर तुम्ही जुनी वर्तमानपत्रं अंथरली होतीत आणि प्रत्येक बाकावर मटारचा ढीग. मोठे सर दारातच थबकले.

"कुंदा मैडम, ये सब्ज़ी मंडी है क्या?"

"जी सर, आज है."

आईबाप मुलांच्या बाकांवर गुडघे मोडून बसले, शेजारी त्यांची मुलं. तुम्ही फळ्यावर काही लिहिलं नाहीत. पहिलंच वाक्य बोललात, "मैं कंप्यूटर पढ़ाती हूँ, और मैं ठगी गई हूँ." सईची परवानगी तुम्ही आधी घेतली होतीत, तिचं नाव नाही, काही खूण नाही. सांगितलंत ते फक्त स्वतःचं, की एका मुलीची मैत्रीण माझी मातृभाषा लिहीत होती, म्हणून ती आहे कोण हे मी विचारलंच नाही. कुठल्यातरी कोपऱ्यात एक शेंग फुटली ती सगळ्यांनी ऐकली.

मला त्या क्षणी तुमच्याकडे पाहवेना. एवढी उंची डोळ्यांना सोसत नाही. ज्या सभेत लोक तुमचं ज्ञान ऐकायला जमले होते, तिथं तुम्ही आधी तुमचं अज्ञान सगळ्यांना वाढलंत. आणि त्याबरोबर किती खांदे सैल झाले!

मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. गोहलपुरातच त्यांचं मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप. नखांतलं ग्रीस काही केल्या न निघणारं. त्यांची लेक शेजारी मान खाली घालून बसली होती. ते म्हणाले, "दीदी, सच बताएँ? हम तो पहले फोन छीनते हैं, फिर पूछते हैं. और फिर ये कुछ बोलती ही नहीं."

तुम्ही त्यांच्यापुढच्या ढिगाकडे बोट केलंत. "भैया, छीनना नहीं है. छीलना है."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग हॉलच्या एका टोकाकडून हसू सुटलं आणि दुसऱ्या टोकाला जाऊन आपटलं. मोठे सरही हसले. ते गृहस्थ स्वतः इतके हसले, की त्यांनी डोळे मनगटानं पुसले, आणि मग खरोखरच खाली बसून त्या काळ्या बोटांनी शेंग उघडली. लेकीनं परातीऐवजी आपली ओंजळ पुढे केली. थोड्या वेळानं ती काहीतरी बोलताना दिसली. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू येऊ नयेच.

मराठीत हे जमलं नसतं, ताई. आपल्याकडे हिसकणं आणि सोलणं यांत केवढं अंतर. हिंदीत ते एका अक्षराचं. माझ्या भाषेचा सगळा ताठा त्या दिवशी तुम्ही त्या एका अक्षरावर विकत घेतलात. परतताना मी तुम्हाला तसं म्हटलं, तर तुम्ही नुसतं विचारलंत, "बिस्कीट आहे का पर्समध्ये?"

त्या सभेनंतर शाळेत पुष्कळ बदललं. मुलांचे गणवेशातले फोटो नावानिशी शाळेच्या पानावर टाकणं तुम्ही बंद करायला लावलंत. मुलानं काही सांगितलं तर त्या दिवशी कुठलीही शिक्षा नाही, हे शिक्षकांकडून कबूल करून घेतलंत. फोन बैठकीच्या खोलीत चार्ज व्हावेत, मुलांचेच नव्हे, आईबापांचेही. हे ऐकून किती चेहरे पडले होते! पडद्यावरच्या मित्राला घरातल्या कुणासमोर एकदा प्रत्यक्ष बोलतं-दिसतं करून पाहावं. आणि जे नातं आईपासून लपवायला सांगतं, ते जिवलग नव्हे. हे शेवटचं तुम्ही नेहमी मराठीतच म्हणत होतात, हिंदी पालकांसमोरही, आणि मग अर्थ सांगत होतात. तो शब्द तुम्ही त्या माणसाच्या तावडीतून सोडवून आणलात, असं मला वाटे. शब्द धुऊन पुन्हा वापरात आणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि तरीही 'काहून' तुम्ही सोडवला नाहीत. त्यावरून आपलं भांडण चालूच राहिलं. मी म्हणे, आता तरी त्याला कुलपातून काढा. तुम्ही म्हणायच्या, अजून नाही, अजून घरं तयार नाहीत. तुमच्या आजारपणातही मी तो विषय काढत असे, कारण तुमचे डोळे त्यावर चमकत. शेवटी शेवटी, दवाखान्यातल्या त्या फिनेलच्या वासात, तुम्ही स्वतःच म्हणालात, "तुमच्या काहूनबद्दल मी विचार करून राहिली. तो शब्द वाईट नाही. तो मुळात ना..."

खोकला आला. नर्स आली. तुम्ही हातानंच खूण केलीत, उद्या. आणि हसून वर म्हणालात, "आठवण द्याल."

मी दिली असती. पण दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर मास्क होता, आणि तुमचे डोळे माझ्या मागच्या भिंतीवर कुठलंतरी दूरचं ऊन पाहत होते. मी तुमच्या शेजारी बसले. समोर नाही, शेजारी. तुम्हीच तर शिकवलं होतंत. हात मोकळे होते, हेच काय ते चुकलं. मी तुम्हाला म्हणणार होते, की माझी मुलगी मला परत मिळाली ती तुमच्यामुळे. पण ते वाक्य मनात इतक्यांदा घडवलं, की ते फार सुबक झालं आणि ओठांवर आलंच नाही. आज ते ओबडधोबड होऊन इथे येतंय, ते घ्या. तुम्ही मला माझ्या लेकीचा आवाज दिलात, आणि माझ्या तोंडापायी गेला असता तो आवाज वाचवलात.

आता कालचं सांगते.

मटार घेऊन मी घरी आले. दुपार होती. सई कॉलेजची बॅग कोपऱ्यात टाकून स्वयंपाकघरात डोकावली. आता ती माझ्याहून उंच झाली आहे. मी परात घेऊन खाली बसले, पहिली शेंग दाबली, टच्च वाजलं, आणि पुढची मला उघडताच येईना. हात तसेच परातीत पडून राहिले. मी रडत होते, आणि ते मला हातावर पाणी पडल्यावर कळलं.

सई आली. समोर बसेल असं वाटलं होतं. ती माझ्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लावून, भिंतीकडे तोंड करून. तिनं ढिगातून एक शेंग उचलली आणि आपल्या अडखळत्या मराठीत विचारलं,

"आई, तू काहून रडून राहिली?"

कुंदाताई, मी तो शब्द पुष्कळ तोंडांतून ऐकला आहे. माझ्या आईच्या, माझ्या स्वतःच्या, पालकसभेतल्या तापलेल्या मराठी बापांच्या. पण तो असा निर्मळ, ओंजळीत धरल्यासारखा, उत्तराची घाई नसलेला मी फार वर्षांनी ऐकला. लहान असताना, शाळेची हिंदी ओठांवर चढायच्या आधी, ती दिवसभर हाच विचारत असे. चंद्र काहून येते, पाल काहून चिकटते, तू काहून कविता म्हणते. मग एका वयात तिनं तो विचारणं सोडलं, आणि आपण मोठ्यांनी तो उचलून तिच्यावर रोखला. तुम्ही त्या दिवशी हेच म्हणणार होतात का? तो मुळात लेकरांचा आहे, असं? मला ठाऊक नाही. तुमचं वाक्य मी पुरं करणार नाही. ते तसंच राहू दे. पण घर तयार झालंय, ताई, एवढं मला कळलं.

मी डोळे पुसले आणि आपण सगळेच म्हणतो तेच म्हणाले, "काही नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शेंग उघडली, अंगठा आतून फिरवला, दाणे परातीत सोडले.

"अच्छा," ती म्हणाली. "मग?"